दलालांची यादी

'तुमची नुकसानभरपाई मिळवून देतो' असं सांगणारा फोन नवा आहे, पण माणूस जुना. शंभर वर्षांपूर्वी तो कोर्टाच्या आवारात उभा असायचा. अशील गाठायचं, अमक्या वकिलाकडे न्यायचं आणि कमिशन घ्यायचं, हा त्याचा धंदा. इंग्रज त्याला 'टाउट' म्हणत, आपण दलाल म्हणतो.

१८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टच्या कलम ३६ मध्ये यावर इलाज होता. न्यायाधीशांनी दलालांची यादी करायची (त्यांचं म्हणणं ऐकून घेऊन, बरं का!), ती कोर्टात टांगायची आणि हवं तर त्यांना आवारात यायला बंदी करायची. थोडक्यात, ब्लॅकलिस्ट! २०२३ च्या दुरुस्तीने तो कायदा गेला, पण यादीची तरतूद अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये आणून ठेवली. जुना कोड डिलीट, तेवढं फंक्शन कॉपी-पेस्ट.

यादी लावता येत होती, कारण दलालाला चेहरा होता. फोनने तो पुसून टाकला. २००५ मध्ये हर्ष पाठक या वकिलांनी नकोशा कॉल्सविरुद्ध सुप्रीम कोर्टात जनहित याचिका केली. २००७ मध्ये ट्रायची 'डू नॉट कॉल' यादी आली. आता गंमत बघा. कोर्टातल्या यादीत नाव त्रास देणाऱ्याचं होतं, या यादीत त्रास होणाऱ्याचं! २०१८ च्या नियमांनी पुन्हा कॉल करणाऱ्यांच्या नोंदणीवर भर दिला. पण साध्या दहा आकडी नंबरवरून बोलणारा भामटा कशाला नोंदणी करतोय?

आपण पुण्यात बसून कॉल कट करतो हो, पण गावाकडे तो उचलला जातो. सुरत-चेन्नई महामार्गासाठी अक्कलकोट तालुक्यात भूसंपादन सुरू झालं आणि आमच्या काकांना 'मोबदला वाढवून आणतो, आधी फाइल चार्ज पाठवा' असे फोन यायला लागले. समोरचा गट नंबर सांगतो, अदबीने बोलतो. जमीन जाणाऱ्या माणसाला अशा वेळी कुणाचा तरी आधार हवाच असतो. खरं तर राष्ट्रीय महामार्ग कायद्यात मोबदला सक्षम प्राधिकारी ठरवतो, आणि तो पटला नाही तर लवादाकडे जाता येतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कमी उत्पन्न असलेले यांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. या साखळीत फोनवरच्या साहेबांना जागाच नाही.

तेव्हा मंडळी, या विकांताला घरच्यांना तीन गोष्टी सांगाच. एक, नाव, पत्ता आणि लेखी पत्र मागा. दोन, सात दिवसांच्या आत १९०९ वर तक्रार करा. २०२५ च्या दुरुस्तीनंतर बिननोंदणीच्या कॉलसाठी तुमचं नाव डीएनडीत असण्याची गरज नाही. तीन, पैसे गेलेच असतील तर लगेच १९३०.

यातली पहिली गोष्ट सगळ्यात जुनी. दलालाला तेव्हाही स्वतःचं नाव भिंतीवर नको होतं, आजही नको असतं.