जाहिरात-जागेच्या विक्रीचे स्थित्यंतर : दरपत्रकापासून स्वयंचलित लिलावापर्यंत (विशेष संदर्भ : अंबड, नाशिक)

प्रस्तावना

वृत्तपत्राचा अंक सामान्यतः निर्मितिखर्चापेक्षा कमी किमतीत वाचकाच्या हाती पडतो. उरलेला भार जाहिरातदार उचलतो. म्हणूनच जाहिरातीची जागा कोण विकतो आणि तिची किंमत कोण ठरवतो, हा केवळ व्यापाराचा प्रश्न नसून वृत्तपत्राच्या स्वातंत्र्याचाही प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या व्यवहाराच्या स्थित्यंतराचा आढावा नाशिकमधील अंबड औद्योगिक वसाहतीच्या संदर्भात घेतला आहे.

दरपत्रकाचा काळ

भारतातील पहिले वृत्तपत्र मानल्या जाणाऱ्या हिकीच्या १७८० मधील 'बेंगॉल गॅझेट'ला 'कलकत्ता जनरल ॲडव्हर्टायझर' असे जोडनाव होते. जाहिरात हा वृत्तपत्राचा आरंभापासूनचा सोबती आहे, हे यावरून दिसते. मुंबईत १९०५ मध्ये सुरू झालेल्या बी. दत्ताराम आणि कंपनीची गणना देशातील आरंभीच्या जाहिरातसंस्थांत होते. पुढे १९४८ मध्ये ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स स्थापन होऊन खपाच्या आकड्यांना प्रमाण लाभले. स्तंभ-सेंटिमीटरचे माप, छापील दरपत्रक, प्रमाणित खप आणि जाहिरातसंस्थेचे रूढ पंधरा टक्के कमिशन या चार खांबांवर हा व्यवहार उभा राहिला.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली व त्यानंतर नाशिकच्या पश्चिमेस सातपूर आणि अंबड या वसाहती आकारास आल्या. अशा वसाहतीतील लघुउद्योजकाला फिटर किंवा टर्नर हवा असल्यास 'पाहिजेत' सदरातील छोटी जाहिरात हा सोयीचा मार्ग होता. दर छापील असे, घेणारा आणि देणारा परस्परांना ठाऊक असत आणि पैसा स्थानिक वृत्तव्यवसायात फिरत असे.

लिलावाचा काळ

आंतरजालावरील आरंभीच्या जाहिरातीही याच पद्धतीने विकल्या गेल्या. 'हॉटवायर्ड' या अमेरिकी संकेतस्थळावर ऑक्टोबर १९९४ मध्ये झळकलेली पट्टी-जाहिरात ठरावीक मुदतीसाठी विकत घेतलेली जागाच होती. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी आंतरजाल सर्वसामान्यांस खुले झाले. गूगलने २००० मध्ये जाहिरातदारांसाठी 'ॲडवर्ड्स' व २००३ मध्ये प्रकाशकांसाठी 'ॲडसेन्स' आणले. २००८ मध्ये 'डबलक्लिक' ही कंपनी त्याच छत्राखाली आली. त्यानंतरच्या काळात तत्क्षण लिलावाची पद्धत रुळली.

या पद्धतीत वाचकाने बातमीचे पान उघडताच प्रकाशकाची यंत्रणा रिकाम्या जागेची वर्दी जाहिरात-विनिमय केंद्राला देते. वाचकाचे ठिकाण, उपकरण आणि आवडीनिवडी यांवरून विविध जाहिरातदारांच्या वतीने संगणकच बोली लावतात आणि सेकंदाच्या अल्पांशात विजेत्याची जाहिरात पानावर अवतरते. प्रकाशकाच्या हाती मुख्यतः किमान बोली ठरवणे आणि नको त्या जाहिराती रोखणे एवढेच उरते. अर्थात, विक्रीची वस्तूच बदलली आहे. पूर्वी जागा विकली जात असे, आता त्या जागेपुढे आलेला विशिष्ट वाचक विकला जातो. त्यामुळे एकाच पानाची किंमत एकाच क्षणी दोन वाचकांसाठी वेगवेगळी असू शकते.

भाषेचा अडसर हाही या इतिहासाचा भाग होय. 'ॲडसेन्स'ने हिंदी मजकुराला २०१४ च्या अखेरीस मान्यता दिली; मराठीला त्यानंतर आणखी काही वर्षे थांबावे लागले.

लाभ आणि हानी

अंबडमधील लघुउद्योजकाच्या दृष्टीने या बदलाचे लाभ नाकारता येत नाहीत. अल्प रकमेत, केवळ आपल्या परिसरातील लोकांपर्यंत पोहोचणे त्याला शक्य झाले. मात्र त्याची जाहिरात नाशिकच्याच बातमीशेजारी झळकली, तरी त्याने दिलेला पैसा अनेक मध्यस्थांच्या हातांतून जाऊन मगच प्रकाशकापर्यंत येतो. ब्रिटनमधील जाहिरातदारांच्या 'इस्बा' या संघटनेसाठी झालेल्या २०२० च्या पाहणीत जाहिरातखर्चापैकी सुमारे ५१ टक्के रक्कमच प्रकाशकांपर्यंत पोहोचल्याचे आढळले. सुमारे १५ टक्के रकमेचा तर मागच लागला नाही. एकेकाळी पंधरा टक्के हे मध्यस्थाचे उघड, ठरलेले कमिशन होते; या पाहणीत तितकाच वाटा बेहिशेबी निघाला.

निष्कर्ष

हा प्रश्न पुढे न्यायासनांपर्यंत पोहोचला. डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील संघराज्य न्यायालयाने प्रकाशकांची जाहिरात-यंत्रणा व विनिमय केंद्र या दोन बाजारांत गूगलची मक्तेदारी बेकायदेशीर ठरवली. यंत्राने व्यवहाराची गती वाढवली, परंतु आपल्या जागेची किंमत आपण ठरवण्याचा आणि ती नेमकी काय होती हे जाणण्याचा प्रकाशकाचा अधिकार क्षीण केला. स्थानिक वृत्तपत्र टिकायचे असेल, तर दरपत्रकाचा काळ परत आणणे शक्य नसले, तरी त्या काळातील हिशेबाची पारदर्शकता परत मिळवणे अपरिहार्य आहे.