नुगारेचं घराणं आणि आमचं

तर झालं असं. गेल्या दिवाळीत गच्चीवर फराळ चालला होता. बाबा उठले आणि पायाशी ठेवलेल्या पणतीवर सरळ पाय दिला. फारसं भाजलं नाही, पण सगळे एकदम गप्प झाले. कारण आजोबांचंही असंच सुरू झालं होतं. गावाकडे दिवेलागणीनंतर त्यांना कुणी एकटं बाहेर सोडायचं नाही. "रातांधळेपणा आहे, गाजर-शेवगा खायला घाला," एवढंच निदान. पुढे साठीत त्यांना भर दिवसाही नळीतून बघितल्यासारखं दिसायला लागलं.

बाबांच्या वेळी डॉक्टरांनी त्याला नाव दिलं: रेटिनायटिस पिगमेंटोसा. आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमचं वय काय? मुलं किती?" मी ३६. मुलगी ५ वर्षांची.

इंजिनियर माणूस घाबरला की वाचायला बसतो. मीही बसलो, आणि वाचता वाचता थेट १७व्या शतकातल्या फ्रान्समध्ये जाऊन पोचलो.

दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिएजवळ व्हाँदेमियाँ नावाचं खेडं आहे. तिथे ज्याँ नुगारे नावाचा खाटीक राहायचा, जन्म १६३७ चा. त्याला अंधारात दिसायचं नाही. मग काही मुलांना, नातवंडांना, पतवंडांनाही. १८३८ मध्ये फ्लोराँ क्युनिए या डॉक्टरने या घराण्याची वंशावळ छापली: ६२९ माणसं, त्यातली ८६ रातांधळी. लक्षात घ्या, जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत बघायचं साधनच तेव्हा नव्हतं. हेल्महोल्ट्झचा ऑफ्थॅल्मोस्कोप जगापुढे आला १८५१ मध्ये. मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६ चा. क्युनिएकडे होतं काय, तर विचारपूस आणि कागद! पुढे १९०७ मध्ये इंग्लंडच्या एडवर्ड नेटलशिपने ही यादी २,११६ माणसांपर्यंत नेली. १० पिढ्या, १३५ रातांधळे.

त्या वंशावळीत एक गोष्ट ठळक दिसते. दोष मधली पिढी गाळत नाही, आणि ज्याच्यात तो नाही त्याच्या मुलाबाळांतही तो येत नाही. याला आज 'प्रभावी' आनुवंशिकता म्हणतात. आई किंवा बाप, कुणाही एकाकडून बिघडलेल्या जनुकाची एक प्रत आली की पुरे. प्रत्येक मुलामागे शक्यता निम्मी.

हे वाचल्यावर मी आमची वंशावळ काढली, चक्क एक्सेलमध्ये. आजोबांकडून बाबांकडे. बापाकडून मुलाकडे आलं म्हणजे एक्स गुणसूत्रावरचा प्रकार जवळजवळ बाद, कारण बाप मुलाला एक्स देत नाही, वाय देतो. उरतो बहुधा प्रभावी प्रकार. म्हणजे माझ्या नावासमोरच्या चौकटीत काय लिहायचं? छापा किंवा काटा.

पण एक फरक सांगायलाच हवा. नुगारेंचा रातांधळेपणा जन्मापासून असतो आणि तेवढ्यावरच थांबतो. दिवसा त्यांना ठीक दिसतं. आमचा थांबत नाही. दृष्टिपटलात मंद उजेडात काम करणाऱ्या रॉड पेशी असतात. त्या हळूहळू मरतात आणि त्यांच्यामागून दिवसाच्या नजरेच्या कोन पेशीही जातात.

गंमत म्हणजे (गंमतच म्हणायची!) दोन्ही बिघाड एकाच साखळीत होऊ शकतात. रॉड पेशीत रोडॉप्सिन हे प्रथिन प्रकाश पकडतं आणि ट्रान्सड्युसिन ती खबर पुढे पोचवतं. १९९० मध्ये अमेरिकेत थॅडियस ड्रायजा यांच्या गटाला रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या काही रुग्णांमध्ये रोडॉप्सिनच्या जनुकात एका अक्षराची चूक सापडली. १९९६ मध्ये त्यांनीच फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर नुगारेच्या वंशजांचा दोष शोधला: ट्रान्सड्युसिनच्या जनुकात एक चूक. साडेतीनशे वर्षं चालत आलेला बग!

आणि आजोबांचं गाजर? तेही अगदीच वेडगळ नव्हतं. रोडॉप्सिन बनायला अ जीवनसत्त्व लागतंच. त्याच्या अभावाने येणारा रातांधळेपणा आणि अंधत्व आपल्याकडे इतकं होतं की सरकारने १९७० मध्ये लहान मुलांना डोस द्यायची मोहीम सुरू केली. फक्त आजोबांचा बिघाड दुसरीकडे होता, तिथे गाजर पोचणार नव्हतं.

आता प्रश्न तपासणीचा. या एकाच आजारामागे डझनावारी वेगवेगळी जनुकं असू शकतात, म्हणून आधी आजारी माणसाचं रक्त तपासतात. त्याच्यात नेमकं काय बिघडलंय ते कळलं, तरच बाकीच्यांना खात्रीचं उत्तर मिळतं. थोडक्यात, बाबांनी रक्त दिल्याशिवाय माझं काही अडत नाही आणि सुटतही नाही. आणि बाबा कित्येक महिने टाळत होते. आज ऑडिट, उद्या लग्न, परवा सर्दी. शेवटी एका रात्री म्हणाले, "कागदावर येईल ना, की हे माझ्याकडून आलं."

मला काय बोलावं सुचेना. मग मी त्यांना नुगारेची गोष्ट सांगितली. त्या बिचाऱ्याने मटण विकलं आणि पोरं वाढवली. त्याच्याआधीही कुणाला असेल, नसेल. कागदात सापडलेला पहिला माणूस तो, म्हणून दोषाला त्याचं नाव चिकटलं. पण त्याच्या घरच्यांनी माणसं मोजू दिली, रक्त दिलं, म्हणून आज नेमकं अक्षर माहीत आहे. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्याला स्कूटर तर चालवायची नव्हती."

नेमकं जनुक कळण्याला आता अर्थही आहे. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेने लक्स्टर्ना या जनुकोपचाराला मान्यता दिली. तो फक्त आरपीई६५ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्यांसाठी आहे, आणि दोन डोळ्यांची किंमत तेव्हा ८,५०,००० डॉलर ठरली होती! आमचा दोष बहुधा तो नाहीच. तरी आपण कुठल्या रांगेत उभे आहोत हे तर कळेल.

धाकटी बहीण म्हणते, "मला नाही जाणून घ्यायचं." तो तिचा हक्क आहे. मुलीचंही मी ठरवणार नाही. उपचार नसेल तर मूल मोठं होऊन स्वतः ठरवेपर्यंत थांबावं असा संकेत आहे, आणि मला तो पटतो.

असो. येत्या शनिवारी बाबा रक्त द्यायला तयार झालेत. त्यांचा रिपोर्ट आल्यावर माझी पाळी. देईन की नाही, आज विचाराल तर खरंच सांगता येणार नाही. तोवर गच्चीच्या जिन्यात प्रत्येक वळणावर दिवा लावून घेतलाय.