तांबेऱ्याची दोन घरे

गव्हा-गवतांवरच्या काळ्या तांबेऱ्याला कवकशास्त्रज्ञ पर्सूनने 1794 मध्ये ‘पुक्सिनिया ग्रामिनिस’ म्हटले. बार्बेरी या झुडपाच्या पानांवरची बुरशी मात्र ‘एसिडियम’ या वेगळ्या प्रजातीत गेली. सूक्ष्मदर्शकाखाली दोघींचे बीजाणू निराळे दिसत, तेव्हा ही विभागणी अडाणीपणाची नव्हती. तरी केवळ रूपावर भिस्त ठेवणारे वर्गीकरण इथे फसले. बार्बेरीशेजारचे पीक बिघडते हे शेतकऱ्यांनी आधीच हेरले होते. मॅसॅच्युसेट्सने तर 1755 मध्ये ती झुडपे काढण्याचा कायदाच केला. शेजार म्हणजे पुरावा नव्हे, हा शास्त्रज्ञांचा आक्षेप रास्तच. 1865 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डी बारीने तो प्रयोगाने निकालात काढला: तांबेऱ्याचे बीजाणू बार्बेरीवर रुजवून त्याने ‘एसिडियम’ उगवून दाखवले; म्हणजे दोन्ही रूपे एकाच बुरशीची. मग 1894 मध्ये स्वीडनच्या एरिक्सनने उलटाच पेच पुढे ठेवला: रूप एकच, पण गव्हावरचा तांबेरा ओटवर धड रुजत नाही.