पार्सल ढोकीत येतं, मग सोयाबीन ऑनलाइन का जात नाही?

परवा ढोकीत पार्सलवाल्या पोराची गाडी थांबली. पाठीवर पोत्याएवढी बॅग. कुणी मोबाईलचं कव्हर घेतलं, कुणी साडी, एका शेतकऱ्यानं फवारणीच्या पंपाचा नोझल. तो मला म्हणाला, "पत्रकार, दिल्लीचा माल माझ्या दारात येतोय. मग माझं सोयाबीन दिल्लीवाला इथूनच का घेत नाही?" हसण्यावारी न्यावा असा हा प्रश्न नाही, म्हणून ही जरा मोठी पोस्ट.

लांबचा व्यापार आपल्याला नवा नाही. शेजारचं तेर म्हणजे जुनं तगर. तिथलं कापड गाड्यांवरून भडोच बंदराला जायचं, असं पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात लिहिलंय. पण माल न बघता घ्यायचा आणि पैसे अनोळखी माणसाला द्यायचे, ही वेगळीच अडचण. आपल्याकडं ती पोस्टानं सोडवली. १८७७ साली व्हीपीपी सुरू झाली. पोस्टमन पार्सल देणार, पैसे घेणार, विकणाऱ्याला पोचवणार. २०१० मध्ये फ्लिपकार्टनं 'कॅश ऑन डिलिव्हरी' आणली, तेव्हा लोकांना ती नवी वाटली. आमच्या आजोबांना वाटली नसती.

इंटरनेटवर पैसे पाठवायचे तर वाटेत कुणी आकडे वाचू नयेत. पूर्वी गुप्त निरोपासाठी दोघांकडं आधीच एकसारखी किल्ली असावी लागायची. अनोळखी दुकानदाराला किल्ली पोचवणार कशी? १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी वाट दाखवली, पुढच्या वर्षी रिव्हेस्ट, शमीर, एडलमन यांनी ती गणितात पक्की बसवली. सोप्या भाषेत, दुकानदार आपली उघडी कुलुपं जगभर वाटतो. तुम्ही पेटीला त्याचं कुलूप दाबून लावता. किल्ली एकट्या त्याच्याकडं. १९९५ च्या सुमारास नेटस्केपनं हे ब्राउझरमध्ये घातलं. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी दिसायचं ते छोटं कुलूप हेच. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं इंटरनेट सर्वांना खुलं केलं, २००० मध्ये आयटी कायदा आला. २००९ पासून रिझर्व्ह बँकेनं ऑनलाइन कार्डाला जादा पडताळणी सक्तीची केली, तिथून ओटीपी घरोघरी गेला. कुलूप सहसा कुणी फोडत नाही. चोर फोन करून किल्लीच मागून घेतात. आणि आपण देतो! २०१६ ला यूपीआय आलं आणि पैशाचा प्रश्न चहाच्या टपरीपर्यंत मिटला.

आता मालाकडं या. अमेझॉननं १९९५ मध्ये सुरुवात पुस्तकांनी केली, २००७ मध्ये फ्लिपकार्टनंही. कारण एकाच आवृत्तीचं पुस्तक पुण्यात घ्या नाहीतर लातुरात, तेच असतं. २००२ पासून रेल्वेचं तिकीट ऑनलाइन मिळतं. तिकिटात ओलावा नसतो. सोयाबीनचं मात्र पोत्यागणिक बदलतं. ओलावा, काडीकचरा, डागी दाणे. सरकारी खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. २०२४ च्या हंगामात ती मर्यादा १५ वर नेली, एवढं त्यावरून राजकारण तापलं होतं.

महाराष्ट्रात शेतकऱ्याला संगणकाशी जोडायचा मोठा प्रयत्न १९९८ मध्ये वारणानगरला झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं, गावोगावी संगणक. उसाची नोंद, तोडणी, वजन, खताची मागणी गावातच कळायची. पुढं मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलचा एसएमएस वापरून पाहिला. तो स्वस्त पडला आणि शेतकऱ्यांना जास्त आवडला. हे जमलं कारण घेणारा एकच, कारखाना, आणि वजन त्याच्याच काट्यावर. तेरणेच्या काट्यावर रांगेत रात्र काढलेल्यांना मी काय सांगू?

सोयाबीनला घेणारे अनेक. त्यांच्यासाठी १४ एप्रिल २०१६ ला ई-नाम सुरू झालं, राज्यातल्या शंभरावर बाजार समित्या त्यात जोडल्या. पण ऑनलाइन बोली बहुतेक त्याच बाजारातले व्यापारी लावतात. बाहेरच्यानं बोली लावायची तर दाण्याच्या तपासणीचा कागद त्याला खरा वाटला पाहिजे. इंटरनेट आहे, पैसे पोचतात, ट्रकही आहेत. अडलंय ते ओलावा मोजायच्या यंत्रापाशी, ते चालवणाऱ्या माणसापाशी आणि त्याच्या सहीपाशी. माझ्या मते सरकारनं आधी पैसा तिथं घालायला हवा होता, ॲप नंतर.

नोझलवाल्याला मी एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "मागल्या साली व्यापाऱ्यानं दाणा दातानं फोडून ओलावा सांगितला." यंदा माल घालायला जाल तेव्हा यंत्रावर मोजून मागा आणि आकड्याची पावती घ्या. पावती मिळाली, नाही मिळाली, दोन्ही मला कळवा. बाजार समितीचं नाव आणि तारीख घालून लिहा, मी त्याची बातमी करतो.