पोट उडतंय

आमच्या नांदगावच्या बाजूला लेकराची छाती भरली की घरची म्हातारी आधी झबलं वर करायची. बरगड्यांखाली खळगा पडतोय का, पोट उडतंय का, ते बघायची आणि म्हणायची, ‘डबा झालाय पोराला.’ डबा म्हणजे न्यूमोनिया. मी या तालुक्यात नर्सबाई म्हणून फिरले. त्या म्हाताऱ्यांची नजर बरोबर जागी जायची, हे मी ठामपणे सांगते. घात व्हायचा तो पुढे. ओव्याच्या पुरचुंडीचा शेक झाला, की बिब्ब्याचा डाग. न्यायडोंगरीकडच्या एका वस्तीवर सात महिन्यांच्या पोरीच्या पोटावर मी असे चार डाग पाहिले. ताजे, ओले. आणि त्यांच्याखाली पोट भात्यासारखं चाललेलं.

छाती ऐकायचा स्टेथोस्कोप १८१६ मध्ये फ्रान्समध्ये लेनेकने शोधला. पण तो कानाला लावणारा डॉक्टर वस्तीवर कुठून यायचा? वाट सापडली ती गडचिरोलीत. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ मध्ये गावातल्याच माणसांच्या, सुइणींच्याही हाती न्यूमोनियाचं निदान आणि गोळी दिली. पन्नासपर्यंत मोजता न येणाऱ्या सुइणींसाठी मण्यांचं यंत्र केलं. सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठची रेघ, पुढे वर्षापर्यंत पन्नासची. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला: उपचाराच्या गावांत न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी.

आम्हीही मग श्वास मोजायला शिकलो. आया घाबरतात घुरघुरीला, पण बऱ्याचदा ती नुसत्या चोंदलेल्या नाकाची असते. मिठाच्या पाण्याचे दोन थेंब नाकात सोडायचे, मऊ फडक्याच्या वातीने शेंबूड टिपायचा, मग अंगावर पाजायचं. खरं न्यूमोनियाचं लेकरू कधी कधी आवाजच करत नाही. भराभर श्वास घेत गप्प पडून राहतं.

त्या पोरीचे श्वास अडुसष्ट भरले. बरगड्या आत ओढल्या जात होत्या, म्हणून गोळीवर न थांबता तिला त्याच दुपारी दवाखान्यात हलवलं. पोरगी वाचली.

पुढच्या थंडीत तिची आजी दुसरं नातवंड घेऊन आली. ओट्यावर बसली, झबलं वर केलं आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाली, ‘बाई, तेवढं मोजा.’