चाळीसची बाटली, शंभरचं पेन

मंडळी, आज राजकारण बाजूला ठेवू. आज सुईबद्दल लिहितोय. घरात कुणाला ‘शुगर’ असेल तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या वर्षी आमचे एक काका पहाटे अंथरुणातून उठेनात. बनियन घामानं भिजलेलं, बोलणं तुटक, काकूंनाही ओळखेनात. काकूंना वाटलं, वारं गेलं अंगावरून. शेजारच्या पोरानं मशीनवर साखर तपासली, तर ३८. गिळता येत होतं म्हणून साखरपाणी पाजलं, लगेच दवाखान्यात नेलं. वाचले.

दुपारी उलगडा झाला. काकांचं इन्सुलिनचं पेन बिघडलं होतं. तालुक्यातल्या एका मेडिकलवाल्यानं सांगितलं, "पेन राहू द्या, त्यातल्याच कार्ट्रिजमधून सिरिंजनं ओढून घ्या," आणि लाल टोपीची सिरिंज हातात दिली. काकांनी नेहमीप्रमाणे १२ च्या रेघेपर्यंत भरलं. अंगात मात्र ३० युनिट गेले.

असं का झालं, हे समजायला थोडा इतिहास बघावा लागतो.

११ जानेवारी १९२२. कॅनडातल्या टोरांटो शहरात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. औषध नीट शुद्ध नव्हतं, फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिपनं ते शुद्ध केलं, २३ जानेवारीला पुन्हा दिलं आणि पोराची साखर उतरली. तोवर या मुलांना उपाशी ठेवून मरण लांबवणं एवढाच इलाज होता. शोध लावणाऱ्या बँटिंग, बेस्ट आणि मंडळींनी पेटंट विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला देऊन टाकलं. औषध सगळ्यांना मिळावं, हा हेतू.

पण औषध अंगात जायला सिरिंज लागतेच. तेव्हाची सिरिंज काचेची, सुई जाड. रोज पाण्यात उकळायची, बोथट झाली की दगडावर घासायची. माझ्या लहानपणी आजोबांची सिरिंज चुलीवरच्या छोट्या पातेल्यात उकळताना मी बघितलीय. त्या पातेल्याला हात लावायची आम्हा पोरांना बंदी होती. तेव्हाचं इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं असायचं. पुढं प्लॅस्टिकची, एकदाच वापरायची सिरिंज आली. उकळणं संपलं.

मात्र एक घोळ राहिला, तो ताकदीचा. पूर्वी इन्सुलिन एका मिलिलिटरमध्ये २०, ४०, ८० युनिट अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळायचं. माणसं चुकायची. म्हणून अमेरिकेनं १९७० च्या दशकात आणि ब्रिटननं १९८३ मध्ये सगळं १०० वर आणलं. आपल्याकडं बाटली बहुतेक ४० चीच राहिली. १० मिलिलिटरच्या बाटलीत ४०० युनिट. तिची सिरिंज लाल टोपीची.

१९८५ मध्ये डेन्मार्कच्या नोवो कंपनीनं पेन आणलं. दिसायला फाउंटन पेनसारखं. आताच्या पेनात चकती फिरवून युनिट लावायचे, टोचायचं, बटण दाबायचं. नजर अधू झालेल्या म्हाताऱ्यांना आणि शाळकरी पोरांना मोठा आधार झाला. पण पेनची कार्ट्रिज १०० ची, ३ मिलिलिटरमध्ये ३०० युनिट. म्हणजे आज आपल्या एकाच गावात, कधी एकाच फ्रिजमध्ये, चाळीस आणि शंभर शेजारी शेजारी बसलेत. शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजनं घेतलं की डोस अडीचपट. काकांचं तेच झालं. उलट चाळीसचं इन्सुलिन शंभरच्या, म्हणजे केशरी टोपीच्या सिरिंजनं घेतलं की डोस निम्म्याहून कमी, साखर चढत राहते.

तिसरा प्रकार पंपाचा. १९६० च्या दशकात अमेरिकेत बनलेला पंप पाठीवरच्या दप्तराएवढा होता. आता मोबाईलपेक्षा लहान. बारीक नळीतून दिवसभर थोडं थोडं इन्सुलिन सोडतो. २०१६ मध्ये साखर बघून स्वतः डोस कमी-जास्त करणाऱ्या पंपाला अमेरिकेत मान्यता मिळाली. पण किंमत लाखांत, दर दोन-तीन दिवसांनी नळी बदलायचा खर्च वेगळा. पाथर्डी-शेवगावहून कोयता घेऊन कारखान्याच्या अड्ड्यावर जाणाऱ्या कुटुंबातल्या पोराला हे कसं परवडणार? त्याच्यापुढं पहिला प्रश्न कोपीत इन्सुलिन थंड कुठं ठेवायचं हा असतो. ओल्या मडक्यात ठेवायचं, हाच फ्रिज.

इन्सुलिन आता परदेशातूनच यावं लागतं असंही नाही. शेजारच्या संभाजीनगरात वोखार्टनं २००३ मध्ये मानवी इन्सुलिन बनवून बाजारात आणलं. तिथंच ‘उडान’ ही संस्था मधुमेही मुलांसाठी काम करते. आपल्याकडच्या पालकांनी तिची माहिती जरूर घ्यावी.

हे आत्ता लिहायचं कारण असं. एप्रिल २०२५ मध्ये बातमी आली की नोवो नॉर्डिस्क भारतात मिक्स्टार्डसारख्या स्वस्त ह्युमन इन्सुलिनची पेनची कार्ट्रिज टप्प्याटप्प्यानं बंद करणार, बाटल्या चालू राहणार. म्हणजे वर्षानुवर्षं पेनवर असलेली साधी माणसं एकतर महागड्या पेनकडं जाणार, नाहीतर परत बाटली-सिरिंजकडं. शंभरावरून चाळीसवर. गोंधळ होतो तो नेमका अशा बदलाच्या वेळी.

सिरिंज वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. नीट घेतली तर तीच साखर तेवढीच उतरते, आणि गरिबाला तीच परवडते. पण ती नीट शिकवायला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं कुणी देत नाही. मेडिकलवाल्यांनी ४० ची बाटली देताना लाल टोपीचीच सिरिंज द्यावी, कार्ट्रिजसोबत सिरिंज देऊच नये. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस सिस्टरांनी हे शिकवावं. लहान मुलं आणि नजर गेलेल्यांसाठी सरकारनं पेन खरेदी करावं. ग्रामसभेत आपण रस्ता मागतो, दिवे मागतो. हेही मागू.

तोवर एक करा. आज रात्री जेवणाआधी घरातली बाटली आणि सिरिंज उजेडात धरा. बाटलीवर ४० लिहिलंय का, सिरिंजवर ४० लिहिलंय का, बघा. जुळत नसेल तर स्वतःच्या मनानं हिशेब करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. आणि कुणी बेशुद्ध पडलं तर तोंडात काही ओतू नका, थेट दवाखाना गाठा.

काका आता बरे आहेत. लाल टोपी दिसली की अजून दचकतात.