क्रेनचे पहिले ओझे

देऊळ बांधताना दगड घडविण्याइतकेच कठीण काम म्हणजे तो वर चढवून नेमक्या जागी बसविणे. दर्यापूर तालुक्यातील लासूर येथील आनंदेश्वराचे हेमाडपंती देऊळ पाहिले म्हणजे याची खात्री पटते. त्या काळी दोरखंड, सब्बल, लाकडी ओंडके आणि माणसांचे व बैलांचे बळ हीच साधने होती. दोर तुटला की खालच्या माणसाच्या जिवावर बेतत असे.

आज तिवसा येथील हमरस्त्याने क्रेन गेली तर कोणी मान वळवून पाहत नाही. परंतु नव्या क्रेनवर लोकांनी प्रथमपासून विश्वास ठेवला असे नाही.

इंग्लंडातील न्यूकॅसल गावचे विल्यम आर्मस्ट्राँग हे व्यवसायाने वकील, पण ओढा यंत्रांकडे. 1846 साली नदीच्या धक्क्यावर त्यांची पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन कामास लागली. गावच्या नळाचे पाणी नळकांड्यात सोडले की आतील दट्ट्या सरके. त्या थोड्या हालचालीने कप्प्यांवरची साखळी कितीतरी अधिक ओढली जाई आणि ओझे वर उचलले जाई.

लिव्हरपूल गोदीचे अभियंते जेसी हार्टले यांना मात्र हे यंत्र भरवशाचे वाटेना. ते स्वतः पाहावयास आले. क्रेन चालविणारा थॉर्बर्न नावाचा कामगार होता. त्याला लोक ‘हायड्रॉलिक जॅक’ म्हणत. त्याने जड ओझे भरवेगाने खाली सोडले आणि जमिनीस टेकण्यापूर्वीच अलगद थांबविले, अशी हकीकत सांगतात. हार्टले यांची शंका फिटली. पुढे लिव्हरपूलच्या गोदीतही अशा क्रेन आल्या.

या यंत्राचा आपल्या वऱ्हाडाशीही संबंध आहे. 1842 साली अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने एकाच खेपेस 1 लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्यास धाडला, असे सांगतात. दर मुक्कामी ओझी उतरवायची आणि सकाळी पुन्हा लादायची! 1867 साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली व वऱ्हाडचा कापूस मुंबईची वाट धरू लागला. त्याच मुंबईत 1 जानेवारी 1880 रोजी प्रिन्सेस डॉक सुरू झाला आणि तेथे पाण्याच्या दाबावरील क्रेन जहाजांचा माल उचलू लागल्या.

ओझे लोखंड उचलते, परंतु खालच्या माणसाचा जीव सांभाळतो तो दांड्यावरचा हात. न्यूकॅसलच्या त्या हाताचे नाव राहिले. बहुतेकांचे राहत नाही. जीर्णोद्धार झाला की दात्यांची नावे संगमरवरावर कोरली जातात, आणि ते उचितच आहे. त्यांच्याच शेजारी दगड चढविणाऱ्या गवंड्यांची, हमालांची व यंत्र चालविणाऱ्यांचीही नावे असावीत. देवाच्या दारी दान आणि घाम यांचे मोल सारखेच होय.